बांबूची मोजदाद पावसात व्हावी

चैत्र लागला की नाशिकमधल्या बंगल्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत हौसेने लावलेल्या बांबूंचे रूप पार उतरते. पाने पिवळी पडून गळतात, काठ्या उघड्या पडतात, बुडाशी वाळक्या पानांचा थर साचतो. नेमक्या याच दिवसांत ‘बांबूला वसंतात कोंब येतात’ असे परदेशी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून ऐकलेली माणसे बेटाच्या बुंध्याशी वाकून पाहतात. तिथे काहीच नसते. मग बांबू मेला, निदान आपल्याकडे तो येत नाही, असे ठरते आणि एक-दोन वर्षे जपलेले बेट खणून तिथे फरशी टाकली जाते. खरे तर जमिनीखाली कंद जिवंत असतो, त्यावर डोळे तयार असतात आणि दोन-तीन महिन्यांत ते वर येणार असतात. हे नुकसान टाळण्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यावी लागते: नाशिकच्या हवेत बांबूचे वर्ष पावसाने सुरू होते. घरातला बांबू जगला की नाही, वाढतो की नाही, याचा निवाडा पावसाळ्यातल्या कोंबांवरूनच करावा. माझे म्हणणे याहून थोडे पुढे जाते. जी कसोटी घरच्या एका बेटाला लागू आहे तीच सरकारच्या आणि महापालिकांच्या बांबू लागवडीलाही लावली पाहिजे. आज ती लागवड रोपांच्या आकड्यांनी मोजली जाते आणि बांबूच्या हिशेबात रोपांइतका फसवा आकडा दुसरा नाही.

वसंतातल्या कोंबांची गोष्ट खोटी नाही, ती दुसऱ्या प्रदेशाची आहे. चीन-जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या मोसोसारख्या जातींचे कंद जमिनीखाली लांबवर धावतात. तिथे हिवाळा कडक असतो. थंडी सरून जमीन उबदार झाली, की मातीत ओल असतेच, आणि कोंब वर येतात. जपानमध्ये ते वसंताचे खास खाणे मानले जाते. आपल्याकडचे बांबू वेगळ्या घडणीचे. मानवेल, काटस, कोकणातला माणगा यांचे कंद आखूड आणि जाड असतात. जुन्या काठीला लागूनच ते नवी काठी काढतात, म्हणून त्यांचे बेट होते. या जातींना कोंब काढायला ऊब आणि ओल एकदमच लागते. नाशिक शहराला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस मिळतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीकडे सरकतो आणि मातीतली ओल तळाला गेलेली असते. अशा वेळी बांबूने साठवलेले सारे अन्न पणाला लावून पाण्याने भरलेला कोवळा कोंब वर काढावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. मानवेल तर कोरड्या डोंगरउतारांवर तगणारी जात. पाणी वाचवायला ती पाने टाकते, त्यात आजार कसला? आणि चैत्रात बांबूला काहीच येत नाही असेही नाही. पेरांवरच्या बारीक फांद्यांना पोपटी पालवी फुटते. पाहणाऱ्याची नजर जमिनीवर खिळलेली असल्याने ती सुटते. उन्हाळ्यात बेट जिवंत आहे की नाही याची शंका आली तर मान वर करून या पालवीकडे पाहावे.

कोंब बाहेर येतो तो प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. चांगले दोन-तीन पाऊस झाले की बुंध्यालगतची माती किंचित फुगते, तिला तडा जातो आणि त्यातून एक टोकदार सुळका डोके काढतो. त्याच्यावर एकावर एक घट्ट लपेटलेली आवरणे असतात. जातीप्रमाणे त्यांवर तपकिरी किंवा काळपट लव असते आणि ती बोटांना चांगलीच टोचते. पहाटे पाहिले तर रात्री पाऊस पडलेला नसतानाही आवरणांच्या टोकांवर पाण्याचे थेंब धरलेले दिसतात, इतक्या जोराने मुळे पाणी वर ढकलत असतात. सुरुवातीचे काही दिवस वाढ संथ असते. मग तो वेग घेतो आणि ऐन भरात सकाळच्या खुणेपासून संध्याकाळपर्यंत झालेली वाढ साध्या डोळ्यांनी कळते. दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंच होते. मात्र उंचीपेक्षा जाडीकडे लक्ष द्यावे. आंब्याचे किंवा चिंचेचे खोड वर्षागणिक जाड होत जाते, बांबूचे होत नाही. जितक्या जाडीचा कोंब मातीतून निघाला तितक्याच जाडीची काठी अखेरपर्यंत राहते. पुढच्या तीन-चार वर्षांत ती आतून पक्की होते, एवढेच. बेट मोठे होते ते नव्या कोंबांतून. यंदाच्या काठ्या पाने धरतात, पानांनी केलेले अन्न कंदात आणि जुन्या काठ्यांत साठते आणि पुढच्या पावसात त्या साठ्यावर आधीपेक्षा दमदार कोंब उभा राहतो. म्हणजे बुडाशी दिसणारा तो सुळका किती जाड आहे यावरून बेटाने गेल्या वर्षभरात काय कमावले ते कळते.

घरच्या बेटाचा हिशेब त्यामुळे सोपा होतो. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत किती कोंब आले, गेल्या वर्षीच्या काठ्यांपेक्षा ते जाड आहेत का आणि त्यांतले किती फांद्या-पानांपर्यंत पोचले, एवढेच पाहायचे. पहिल्या पावसात पेन्सिलीएवढी बारीक काडी आली तर खंत करू नये, त्या वयात तेवढेच अपेक्षित असते. दुसऱ्या वर्षी बोटाएवढा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगठ्याहून जाड कोंब दिसू लागला तर बेट बसले असे समजावे. तिसऱ्या पावसातही जाडी वाढली नाही, तर मात्र कारण शोधायला हवे: बुडाशी सिमेंट घातले असेल, पाणी साचत असेल किंवा हिरव्या काठ्या नको तेवढ्या छाटल्या असतील. सगळेच कोंब तगत नाहीत हेही आधी माहीत असलेले बरे. हंगामाच्या शेवटी आलेले कित्येक कोंब फूट-दीड फूट वाढून काळे पडतात आणि हलकेच ओढले तरी हातात येतात. साठा संपत आल्यावर बेट स्वतःच त्यांचे अन्न तोडते. त्याला बुरशी समजून औषध फवारण्यात अर्थ नाही. कोंबाचे टोक मोडले की ती काठी तिथेच थांबते, म्हणून पावसाळ्याचे ते महिने बेटाच्या बुडाशी खुरपे, शेळी आणि मुलांचा चेंडू यांना मज्जाव असावा. आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, बुंध्याला मातीची आणि कुजलेल्या पाल्याची भर घालावी. या बांबूंचे नवे कंद दरवर्षी थोडे वर-वर सरकतात. ते उघडे पडले तर कोंब मरतुकडे येतात.

हीच मोजणी सार्वजनिक पातळीवर का होत नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षांत मोजले होते. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही वाहतुकीच्या परवान्यांचा जाच होत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आधी अध्यादेशाने आणि मग कायद्यातल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला गेला. लावणाऱ्याच्या डोक्यावरचे मोठे ओझे त्याने उतरले. पुढे राष्ट्रीय बांबू अभियानाची नव्याने मांडणी झाली, राज्याने अटल बांबू समृद्धी योजना आणली, रोजगार हमीतूनही लागवड होऊ लागली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु यशाचा आकडा कोणता सांगितला जातो? वाटलेली रोपे, खोदलेले खड्डे, लागवडीखालचे हेक्टर. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता आणि त्यांतली किती जगली यावरून इतका वाद झाला की २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. लागवडीच्या दिवशीचा आकडा पुढे कशालाच उपयोगी पडत नाही, हे त्या वादातून तरी शिकायला हवे होते. बांबूच्या बाबतीत तो अधिकच निरर्थक आहे, कारण एका जागी लावलेले एक रोप पुढे एकटे राहतच नाही. ते मेले तरी सरकारी वहीत एकच राहते आणि त्याच्या चाळीस काठ्या झाल्या तरी एकच. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दर बेटामागे त्या वर्षीच्या किती काठ्या उभ्या आहेत आणि त्यांची जाडी किती, हा आकडा मात्र लपवता येत नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता त्याच्याशी बांधावा. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नागरिकांनी उभी केलेली देवराई आज नाशिककरांच्या आदराला पात्र ठरली, ती लागवडीनंतरचे उन्हाळे निभावून नेल्यामुळे. त्याच चिकाटीची दखल घेणारी मोजणी हवी.

कोंबांवरून बेट ओळखण्याची ही रीत नाशिक जिल्ह्याला परकीही नाही. शहराच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा डोंगराळ पट्टा आहे. इगतपुरीत पाऊस शहराच्या चौपटीहून जास्त. या पट्ट्यातल्या आदिवासी घरांत पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ही हंगामी भाजी आहे. ती करण्याची पद्धत शहरातल्या हौशी माणसाने नीट समजून घ्यावी, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. आवरणे सोलून, गाभा बारीक चिरून, पाण्यात भिजत घालून, मग उकळून ते पाणी फेकून दिल्यावरच तो खाण्याजोगा होतो. कडवटपणा घालवण्याची म्हणून चालत आलेली ही कृती विषही घालवते. आणि खाण्यासाठी काढायचे ते कुठले? हंगामाच्या सुरुवातीचे, जाडजूड कोंब उद्याच्या काठ्या होणार असतात, ते राखावेत. उशिरा आलेले, दाटीत सापडलेले, एरवीही सुकून जाणारे कोंब खुशाल काढावेत. घरच्या बेटाला तीन-चार वर्षे होईपर्यंत तर कोंबाची भाजी हा विषयच काढू नये. काठी कापण्याचेही असेच. बेटातली तीन वर्षांवरची काठी कापावी, यंदाची आणि गेल्या वर्षीची राखावी, पावसाळ्यात कोयता लावू नये, हा नियम जंगलातल्या बांबूला जितका लागू तितकाच कॉलेज रोडवरच्या बंगल्यातल्या बेटाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक आले. देशभर त्याचा गाजावाजा झाला. त्यामागे साधे तत्त्व होते: ज्या गावाला पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे जायचे आहे ते गाव बेट राखून तोडते. ही राखणी कोंब मोजल्याशिवाय होत नाही.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही खरे आहेत. सर्वांत मोठा असा, की बांबू पसरतो, भिंती फोडतो, शेजाऱ्याच्या अंगणात निघतो. धावणाऱ्या कंदाच्या थंड प्रदेशातल्या जातींबद्दल हे शंभर टक्के खरे आहे. जपानमध्ये देखभाल सुटलेली मोसोची वने शेजारच्या जंगलात घुसत असल्याची तक्रार जुनी आहे. म्हणूनच रोपवाटिकेत ‘बांबू’ एवढीच पाटी असणे मला गैर वाटते. जात कोणती, बेट करणारी की धावणारी, पूर्ण वाढल्यावर उंची किती, हे तिथे लिहिलेलेच असावे. बेट करणारी जात वर्षाला जेमतेम वीतभर, फार तर हातभर घेर वाढवते. तरीही भिंतीपासून आणि पाण्याच्या वाहिनीपासून दहा फूट दूर लावावी, विजेच्या तारांखाली कुठलाच बांबू लावू नये. काटस घराजवळ नकोच, त्याच्या काट्यांच्या जाळीत हात घालता येत नाही. बाल्कोवाची काठी पंधरा-वीस मीटर जाते, ती शेताच्या बांधावर शोभते. पाण्याची सोय असेल तर बिनकाट्याचा, मोकळ्या बेटाचा आणि जवळजवळ भरीव काठीचा माणगा आवारासाठी चांगला. पाणी बेताचेच असेल तर मानवेल. खरेदीला निघण्याआधी जाती डोळ्यांनी पाहायच्या असतील तर अमरावतीजवळ वडाळीला वन विभागाचे बांबू उद्यान आहे. तसे एखादे छोटे उद्यान नाशिकमध्येही असावे. आणि दिवाणखान्यात काचेच्या भांड्यात ठेवतात तो ‘लकी बांबू’ मुळात बांबू नाहीच. ती आफ्रिकेतली ड्रासेनाची एक जात आहे, तिच्या बुडाशी कुठल्याच ऋतूत बांबूचा कोंब येणार नाही.

दुसरा आक्षेप साप आणि डासांचा. बेटाच्या बुडाशी पाने, काटक्या, उंदरांची बिळे साचू दिली तर साप येणारच. बुडापासून कमरेपर्यंतच्या फांद्या छाटल्या, अडगळ काढली आणि पानांचा थर बोटभर राखला तर बेटाखाली उजेड राहतो. डासांचा धोका जास्त खरा आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. काठी दोन पेरांच्या मध्ये कापली की उरलेल्या पोकळ खुंटाचा पेला होतो, त्यात पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला ती उत्तम जागा ठरते. उपाय कापणाऱ्याच्या हातात आहे. पेराच्या अगदी लगत वर काप घ्यायचा, म्हणजे पाणी धरायला जागाच उरत नाही. ज्या सोसायटीला हे शिस्तीने करता येणार नाही तिने बांबू लावू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

घराजवळ बांबू अशुभ, हा तिसरा आक्षेप. तिरडी बांबूची असते, म्हणून अनेक घरांत ही भावना आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु पाडव्याची गुढी ज्या काठीवर उभी राहते तीही बांबूचीच. धान्य पाखडायचे सूप, देवीची परडी, लग्नातला मांडव, बाळाचा पाळणा, सगळीकडे बांबू आहे, आणि हे सारे घडवणाऱ्या बुरुड कारागिरांची घरे पिढ्यान् पिढ्या बांबूच्याच सोबतीने नांदली. जन्मापासून अखेरपर्यंत माणसाच्या कामी येणाऱ्या वस्तूला केवळ शेवटच्या कामावरून ओळखणे न्याय्य नव्हे. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोच्या शेतात बांबू आणि तारेशिवाय पीक उभे राहत नाही. तिथला शेतकरी त्याला अशुभ म्हणत बसला तर त्याचा हंगाम आडवा होईल.

जागेचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नाशिक झपाट्याने फ्लॅटचे शहर झाले आहे आणि बाल्कनीतल्या कुंडीत मानवेलीचे बेट होणार नाही. कुंडीत कंद कडेला लागून वळतो, मुळे गुंडाळली जातात, दोन वर्षांत कोंब बारीक होऊ लागतात. गच्चीला वजन पेलत असेल तर दोनशे लिटरचा पिंप आडवा अर्धा कापून त्यात बुटकी, बारीक काठीची कुंपणाची जात लावता येते. दर दोन-तीन वर्षांनी पावसाआधी ती बाहेर काढून विभागावी लागते आणि उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागते. इतके करून मिळेल ते हिरवे, सळसळते झुडूप. मनगटाएवढ्या काठीची आशा तिथे ठेवू नये. ज्यांना एवढ्यावर समाधान नाही त्यांनी चार घरांत मिळून सोसायटीच्या आवारात एक बेट लावावे. एका बेटाची देखभाल करायला वर्षातून मोजकेच दिवस लागतात आणि ते कोणते, हे वर आलेच आहे. पाण्याबद्दल म्हणाल तर पहिले दोन उन्हाळे बेटाला आठवड्याचे पाणी हवेच. त्यानंतर मानवेल आपल्या पावसावर तगते आणि वाळकी पाने बुडाशी ठेवली तर ओल आणखी टिकते.

बांबूच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच त्याचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे, असेही मला वाटते. इतर झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त प्राणवायू देणारी वनस्पती, असा दावा जाहिरातींत आणि भाषणांत सर्रास ऐकू येतो. कोणता बांबू, किती वयाचा, कोणत्या झाडाच्या तुलनेत, याचा त्यासोबत सहसा पत्ता नसतो. बांबू वेगाने वाढतो आणि कर्बही वेगाने धरतो हे खरे, पण काठी कुजली किंवा जाळली की तो कर्ब परत हवेत जातो. काठीचे घर, फर्निचर, शेताचा मांडव झाला तरच तो काही काळ अडकून राहतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की वडा-उंबराच्या जागी बांबू लावून हिरवाईचा हिशेब पुरा केल्याचे दाखवता येते. तपोवनातल्या झाडांसाठी २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर आले. येत्या कुंभमेळ्याच्या तयारीत जुनी झाडे वाचवण्याची ती मागणी रास्त होती. बांबूचे कितीही गोडवे गायले तरी शंभर वर्षांच्या वडाच्या ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला बेटाचा उपयोग नाही. बांबू लावावा तो रिकाम्या जागी, नाल्याच्या काठी, धूप होणाऱ्या उतारावर, उघड्या कुंपणाशी. तोडलेल्या झाडाची भरपाई म्हणून त्याची नोंद कधीच होऊ नये.

राहिला फुलोऱ्याचा प्रश्न. बांबू फुलला की मरतो, मग इतकी वर्षे राबून काय मिळवायचे? मानवेलीला साधारण २५ ते ४५ वर्षांनी सामूहिक फुलोरा येतो, तिचे बेट बी धरून वाळते. मिझोरामच्या बांबूत हे चक्र सुमारे ४८ वर्षांचे आहे. तिथे १९५८-५९ मध्ये फुलोऱ्यानंतर उंदीर माजले, पिके गेली, दुष्काळ पडला आणि त्यातून तिथले राजकारणच बदलले. २००६ ते २००८ या काळात पुन्हा फुलोरा आला. एका घरातल्या एका बेटाने असे संकट येत नाही, पण लावणाऱ्याने एक चौकशी जरूर करावी. कंद किंवा काठीचा तुकडा लावून केलेले रोप आईचे वय घेऊनच येते. तीस वर्षांच्या बेटातून काढलेला कंद आपल्या अंगणात नवा दिसला, तरी फुलोऱ्याच्या दृष्टीने तो तीस वर्षांचाच असतो. म्हणून रोप बियांचे की कंदाचे, कंद असेल तर मूळ बेट केव्हाचे, हे विक्रेत्याने सांगायला हवे आणि सरकारी रोपवाटिकांनी तर ते रोपाच्या पिशवीवर छापायला हवे. बियांपासूनचे रोप मिळाले तर लावणाऱ्याच्या उमेदीच्या काळात बेट फुलण्याची भीती उरत नाही.

मोजणीचा दिवस म्हणून घटस्थापनेच्या आसपासचा आठवडा सोयीचा पडेल. तोवर पाऊस ओसरलेला असतो, यंदाचे कोंब बहुतेक पूर्ण उंच झालेले असतात, पण त्यांच्या खालच्या पेरांवर आवरणे अजून टिकून असतात आणि कांड्यांवर पांढरी भुकटी असते, त्यामुळे नवी काठी जुन्या काठीपासून चटकन वेगळी ओळखता येते. त्या आठवड्यात प्रत्येक नव्या काठीवर छातीच्या उंचीला ऑइलपेंटचा एक ठिपका द्यावा, दर वर्षी रंग बदलावा आणि ठिपक्यांची संख्या वर्षासह लिहून ठेवावी. सोसायटीत हे काम मुलांनाही देता येईल. महापालिकेच्या उद्यान विभागाने शहरातल्या आपल्या बेटांवर हेच करून आकडे प्रभागवार जाहीर करावेत. चौथ्या वर्षी ज्या काठ्यांवर पहिला रंग असेल त्या दिवाळीनंतर कापायला मोकळ्या, आणि त्या वर्षी आलेल्या नव्या ठिपक्यांहून जास्त काठ्या कापायच्या नाहीत.